तुतीचे शिवधनुष्य

आपल्या पुराणांतला एकही थोर धनुर्धर लाकूड तासत बसल्याचे मला आठवत नाही. सगळ्यांना धनुष्ये आयती मिळाली. अर्जुनाचे गांडीव आले वरुणाकडून, तेही अग्नीच्या वशिल्याने, आणि त्या बदल्यात अग्नीला अख्खे खांडववन जाळायला मोकळे करून दिले गेले. एका धनुष्यापोटी एवढे जंगल दुसऱ्या कुणी संपवले नसेल. जनकाकडचे धनुष्य शंकराचे. रामाने ते उचलले, वाकवले आणि मोडले. आपण मात्र कुणी संमेलन भरवले की त्याने ‘शिवधनुष्य पेलले’ असे कौतुकाने छापतो. ते शेवटी मोडते, ही बाब स्वागताध्यक्षांच्या कानावर कुणी घालत नाही.

स्वतःच्या हाताने धनुष्य करणाऱ्यांची जातच निराळी असते आणि तिचा एक नमुना आमच्या नात्यात आहे. माझे साडू. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर कोथरूडच्या माणसाला जे करता येते ते त्यांनी सगळे करून पाहिले. हास्यक्लबात त्यांना हसू आले नाही, आणि ज्येष्ठ नागरिक संघात ते वयाने इतके लहान ठरले की त्यांना खुर्च्या मांडायला लावले. मग कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी एका दाढीवाल्या अमेरिकनाला झाडाच्या बुंध्यातून धनुष्य काढताना पाहिले, आणि ताईंच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, घरातला मधला हॉल त्या दिवसापासून कारखाना झाला.

या छंदातली माणसे नेमाबद्दल फारसे बोलत नाहीत हे माझ्या लवकरच लक्षात आले. ती बोलतात लाकडाबद्दल, तेही स्थळ बघायला निघालेल्या आत्याबाईंच्या सुरात. घराणे कोणते, कुठल्या हवेत वाढले, अंगात पीळ आहे का, गाठी किती, चार जणांत सरळ उभे राहते ना. या बाजारातले सगळ्यात कुलीन स्थळ म्हणजे युरोपातला यू वृक्ष. त्याचे बाहेरचे पांढरे लाकूड ताण सोसते, आतले तांबूस लाकूड दाब सोसते. धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते ती पाठ, आणि ओढणाऱ्याकडे असते ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते. यूच्या दांड्यात निसर्गाने दोन्ही कामांची माणसे आधीच नेमून ठेवलेली असतात.

इंग्रजांना हे इतके पटले होते की घरचे यू पुरेनात. १४७२ साली त्यांनी कायदाच केला की बाहेरून माल आणणाऱ्या जहाजाने दर टनामागे धनुष्याचे चार दांडे आणलेच पाहिजेत. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डच्या काळात गोड मद्याच्या दर पिंपामागे दहा दांडे अशी वाढ झाली. दारू हवी तर आधी लाकूड दाखवा, ही कल्पना आपल्या उत्पादन शुल्क खात्याला अजून सुचलेली नाही. पुढे १५४५ साली रॉजर ॲशम नावाच्या विद्वानाने धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हे पुस्तक लिहून आठव्या हेन्रीला सादर केले. त्यात त्याने एल्म, ॲश वगैरे लाकडांना सामान्य ठरवून यूवर शिक्का मारला. त्याच वर्षी हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज समुद्रात बुडाले. जहाजाचा सांगाडा १९८२ मध्ये वर काढण्यात आला. त्या शोधात मिळालेली शंभराहून अधिक धनुष्ये यूचीच, आणि ती ओढायला शंभर पौंडांपासून पुढे जोर लागत असावा असे जाणकार सांगतात. हा आकडा साडू फार अभिमानाने सांगतात. भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाताना ते प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांची विचारपूस करतात, ती आपुलकीपोटी नव्हे, हे ताईंना माहीत आहे.

ॲशमला एक गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत त्याने नाक मुरडलेल्या एल्मचीच धनुष्ये गाडलेली होती, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या लोकांना तेव्हा यू मिळत नव्हता, म्हणून त्यांनी एल्म घेतला, शिकार केली, जेवले. अमेरिकेत यूच्या जागी ओसेज ऑरेंज नावाचे काटेरी झाड आहे. फ्रेंचांनी त्याचे नावच धनुष्याचे लाकूड असे ठेवले होते. १८११ च्या सुमारास जॉन ब्रॅडबरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवले आहे की मिसुरी नदीकाठच्या अरिकारा लोकांत या लाकडाच्या एका धनुष्याला एक घोडा आणि एक घोंगडी मोजावी लागे.

साडूंकडे यू नव्हता, ओसेज नव्हते, घोडा नव्हता. घोंगडी होती.

आणि तुती होती. म्हणजे त्यांची नव्हे, सोसायटीची. पार्किंगच्या कोपऱ्यात ते झाड कुणी लावले हे कुणीच कबूल करत नसे, कारण फळांच्या दिवसांत पांढऱ्या गाड्यांवर जांभळी नक्षी उठे. दर सर्वसाधारण सभेत तिच्यावर ठराव येई आणि महापालिकेची परवानगी कोण आणणार या प्रश्नावर बारगळे. अखेर मे महिन्यातल्या एका वळवाने कसलीही परवानगी न घेता तिचा मांडीएवढा फाटा खाली पाडला. तो अध्यक्षांच्या गाडीवर पडला नाही याबद्दल काही सभासदांनी खाजगीत हळहळ व्यक्त केली.

साडू धावत खाली गेले. तुतीचे धनुष्य म्हटल्यावर जाणकार भुवया उंचावतात हे त्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी युक्तिवाद आधीच तयार ठेवला होता. तुती आणि ओसेज ऑरेंज एकाच कुळातली झाडे आहेत. “चुलत बहीण आहे ती ओसेजची!” ते म्हणाले. मी घरी येऊन पाहिले तर त्याच कुळात वड, पिंपळ, उंबर आणि फणसही निघाले. हे मी दुसऱ्या दिवशी सांगितले, तेव्हा साडूंच्या आई कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या.

“मग फणसाचं कर की,” आजी म्हणाल्या. “आठळ्या तरी मिळतील.”

साडूंचा दुसरा पुरावा जास्त भक्कम होता. जालंधरला हॉकीच्या काठ्या करतात त्या तुतीच्या लाकडाच्या. हे खरे आहे. तुतीचे लाकूड चिवट असते, धक्का पचवते. पण हॉकीची काठी वाकली की खेळाडू तक्रार करतो आणि धनुष्य वाकले नाही की तिरंदाज, हा बारीक फरक मी त्यांच्या कानावर घातला. त्यांनी तो घातला तसाच परत केला.

सेक्रेटरींनी फाटा न्यायला हरकत घेतली नाही. फक्त “लेखी अर्ज द्या” म्हणाले. साडूंनी अर्ज दिला, आणि त्यात ‘सोसायटीच्या मालकीचे लाकूड’ असे स्वतःच्या हाताने लिहिले. विम्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने असे वाक्य लिहावे याचे मला अजून आश्चर्य वाटते.

मग फाटा फोडायचा दिवस आला. धनुष्याचे लाकूड करवतीने कापत नाहीत. करवत सरळ जाते, रेषा सरळ जात नाहीत. करवतीने कापले की रेषा मध्येच तुटतात आणि धनुष्य त्याच जागी फुटते. म्हणून पाचरी ठोकून लाकूड त्याच्या मनाप्रमाणे फाटू द्यायचे. नाक्यावरचे सुतार यासाठी बोलावले होते. त्यांनी पाचरी पाहिल्या, साडूंकडे पाहिले आणि अतिशय सभ्यपणे विचारले, “साहेब, यात एक झकास स्टूल बसतंय. करू का?”

स्टूल नको होते. घण पडू लागला. कर्रर्र करत फाटा उभा चिरला गेला आणि आतून पिवळेजर्द लाकूड दिसले. तुतीचे आतले लाकूड ताजे असताना असे झगझगीत असते, मग उजेड खाऊन तपकिरी होते. बाहेरची पांढरी साल-बाजू आणि आतला पिवळा गाभा यांतली सीमा पेन्सिलीने आखल्यासारखी होती. साडू त्या रंगाकडे बराच वेळ बघत राहिले. दोन दांडे निघाले. एक सरळ पण मधोमध गाठ असलेला, दुसरा बिनगाठीचा पण थोडा पीळ घेतलेला. सुतारांनी दोन्ही उलटसुलट करून पाहिले. “एकाचं तरी स्टूल करा,” ते म्हणाले आणि मजुरी घेऊन गेले.

ओले लाकूड तासून उपयोग नाही, ते वाकते आणि तसेच राहते. दांड्यांच्या टोकांना फेविकॉल फासून साडूंनी ते माळ्यावर टाकले. टोके उघडी राहिली तर पाणी तिथून झटझट उडते आणि भेगा पडतात. जाणकार लाकडात आठ-दहा टक्के ओल ठेवतात. पण पुण्यात जुलै लागला की मीठ पाझरते आणि काडेपेटी पेटत नाही. साडूंनी हुकाचा काटा आणला, दांडे रोज टांगून वजन वहीत मांडले. वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले असे धरायचे. पाऊस लागला की वजन वाढे. अशा दिवशी त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

याच काळात दोरीचा प्रश्न निघाला. चीन, तुर्कस्तान इकडे जुन्या काळी रेशमाच्या दोऱ्या वापरत. रेशमाचा किडा खातो तुतीचा पाला. एकाच झाडाचे धनुष्य आणि एकाच झाडाची दोरी, या कल्पनेने साडू दोन दिवस भारावले होते. ताईंनी काही न बोलता पैठण्यांच्या कपाटाला कुलूप लावले. दोरी शेवटी डॅक्रॉनची आली, कुरिअरने.

सोसायटीचा रखवालदार धडगावकडचा, सातपुड्यातला. त्याने हा सगळा उद्योग पावसाळाभर पाहिला होता. एका संध्याकाळी त्याने काळजीने विचारले, “साहेब, बांबू नाही मिळाला का कुठं?”

त्याच्याकडे धनुष्य बांबूचे असते. बांबू फोडायचा, तासायचा, शेकायचा, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चिपेची. कुरिअरचा संबंध येत नाही. लाकडाचीच हौस असेल तर धामण पाहा, असेही तो म्हणाला. धामणीला संस्कृतात धनुर्वृक्ष म्हणतात, आणि कावडीपासून कुऱ्हाडीपर्यंत जे जे दांडे मोडून चालत नाहीत ते ते तिचे करतात, हे मला ठाऊक होते. साडूंनाही ठाऊक असावे, कारण ते चिडले.

“बांबू म्हणजे लाकूड नव्हे. शास्त्रात ते गवत आहे, गवत.”

“असेल साहेब,” तो म्हणाला. “पण लागतो नेम.”

खरे नाट्य सुरू झाले ते टिलरिंगच्या वेळी. भिंतीवर एक उभी फळी. तिच्या वरच्या खाचेत धनुष्याची मूठ बसवायची, दोरी कप्पीतून खाली ओढायची आणि दूर उभे राहून दोन्ही भुजा सारख्या वाकतात का ते पाहायचे. जिथे वाकत नाही तिथे तासायचे, जिथे जास्त वाकते तिथे हात लावायचा नाही. ऐकायला सोपे. पण लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाने कमी होतो. जाडी दहा टक्के घटवली तर ताठपणा सत्तावीस टक्के जातो. म्हणून शेवटी शेवटी रंधा, वाकस सगळे बाजूला पडते आणि फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडणे सुरू होते. कागदापेक्षा पातळ कुरळे काप फरशीवर पडत. ते ताईंच्या चहात पडत, देवघरात पडत, एकदा सत्यनारायणाच्या प्रसादातही सापडले आणि एका पाहुण्यांनी ते केशर समजून खाल्ले.

वाकण तपासायला साक्षीदार लागतात. घरी येणाऱ्या प्रत्येकाला साडू समोर उभे करीत. “डावी भुजा ताठ वाटते का?” प्रत्येकाला काहीतरी ताठ वाटे. गॅसवाल्याला उजवी वाटली. एका निवृत्त प्राध्यापकांना दोन्ही वाटल्या. मला विचारल्यावर मी “मधे जरा” असे म्हणत असे, कारण ते कुठल्याही कलाकृतीला लागू पडते. खरे काय ते एकट्या आजींना दिसे. शेंगा सोलता सोलता त्या मान वर करीत आणि बोटाने दाखवीत, “इथं. वीतभर खाली.” साडू तिथे खरवडत आणि वाकण सुधारे. हे श्रेय त्यांनी आजतागायत दिलेले नाही.

पहिला दांडा गाठीवर गेला. दोरी बावीस इंचांपर्यंत आली होती, काट्यावर पस्तीस पौंड दाखवत होते, साडू “बघा कसं गोल वाकलंय” असे म्हणत होते, आणि ‘वाकलंय’ पूर्ण व्हायच्या आत असा आवाज झाला की खालच्या मजल्यावरचे डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊनच वर आले. धनुष्याचे तीन तुकडे हॉलमध्ये होते, एक शोकेसमध्ये. गाठीभोवती रेषा वळसा घेतात, तिथे लाकूड जाड ठेवायचे असते. साडूंना ते माहीत होते. धनुष्य मोडणाऱ्या सगळ्यांना ते माहीत असते.

सांत्वनासाठी मी त्यांना ओत्झीची गोष्ट सांगितली. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला हा माणूस सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ यूचा दांडा होता, एक मीटर ब्याऐंशी सेंटिमीटर लांब, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उंचीहून मोठा, आणि तासायचा अर्धवट राहिलेला. भात्यात चौदा बाण, त्यातले पुरे झालेले फक्त दोन. जगातल्या यच्चयावत छांदिष्टांनी याची तसबीर लावायला हवी. साडू सुखावले. मग त्यांनी तो कशाने गेला ते विचारले. त्याच्या खांद्यात बाणाचे टोक सापडले, म्हणजे ज्याचे धनुष्य वेळेवर तयार झाले होते असा कुणीतरी त्याला भेटला, हे मला सांगावे लागले. साडूंनी लगेच दुसरा दांडा खाली काढला.

दुसरा जगला. तासताना त्याचा पीळ पूर्ण गेला नाही, त्यामुळे एक भुजा किंचित बाहेर बघते. पण अठ्ठावीस इंचांवर अडतीस पौंड भरले आणि सगळे लाकूड सारखे वाकले. तोवर त्याचा रंग मधाळ तपकिरी झाला होता. खरे सांगायचे तर ते सुंदर दिसत होते, आणि मी तसे म्हणालोही, पण ते ऐकायला साडू जागेवर नव्हते. ते एका पाहुण्याच्या अंगावर धावून गेले होते.

कारण धनुष्य हातात घेतले की मराठी पुरुष दोन गोष्टी करतोच. आधी डावा पाय पुढे टाकून कॅलेंडरातल्या प्रभू रामचंद्रांसारखा उभा राहतो. मग बाण नसताना दोरी ओढून सोडून देतो. ही दुसरी गोष्ट धनुष्याला घातक. बाणात जायची ती सगळी शक्ती परत लाकडातच जाते आणि एखाद्या वेळी लाकूड फुटते. साडूंनी भिंतीवर पाटी लावली, ‘रिकामी दोरी सोडू नये’. पाटी वाचून लोक मोठ्याने हसत, आणि मग सोडत.

चाचणी घ्यायला साताऱ्याचा भाचा आला. तिकडे हल्ली तिरंदाजीचे वारे आहे. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले, तेही सतराव्या वर्षी, त्यामुळे घरोघरी मुले नेम धरताहेत. भाच्याकडे कंपाऊंड धनुष्य होते, टोकांना चाके असलेले. पूर्ण ओढल्यावर ती चाके बराचसा भार स्वतःवर घेतात आणि नेम धरायला निवांत वेळ मिळतो. साडूंनी ते हातात घेण्याचेही नाकारले. “चाकं असलेल्या वस्तूला आरटीओचा नंबर लागतो,” ते म्हणाले.

गच्चीवर वाळूचे पोते ठेवले. भाच्याने तुतीचे धनुष्य ओढले, सोडले, बाण पोत्यात गच्च बसला. त्याने मान हलवून म्हटले, “काका, हात जरा थरथरवतं, पण फेकतंय भारी.” साडूंना स्वतः मारण्याचा आग्रह झाला. त्यांनी खांद्याचे कारण सांगितले. धनुष्य खाली आणून त्यांनी तेलाचा हात दिला आणि रस्त्याकडच्या बाल्कनीत, सगळ्यांना दिसेल असे टांगले.

तिथेच घोटाळा झाला. पालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि सेक्रेटरी धावत आले. बाल्कनीतले धनुष्य झाका, चिन्ह आहे ते. “बाण कुठंय त्यात?” साडूंनी विचारले. संध्याकाळी दोन कार्यकर्ते येऊन खालूनच बघून गेले. दुसऱ्या दिवशी वेगळे दोन आले. धनुष्यबाण कोणत्या गटाचा याचा निर्णय निवडणूक आयोगाने २०२३ मध्ये दिला आणि भांडण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा वातावरण नाजूक होते. “काका, हे नेमकं कुणाचं?” असे त्यांनी विचारले. साडू “माझं” म्हणणार, तेवढ्यात मागून सेक्रेटरींनी अर्ज पुढे केला. सोसायटीच्या मालकीचे लाकूड. सही साडूंची.

प्रकरण सर्वसाधारण सभेत गेले. लाकूड आमचे, असे सभासद म्हणाले. श्रम माझे, असे साडू म्हणाले. घण कुणाचा होता, असे कुणीतरी विचारले. दीड तासाने ठरले की धनुष्य सोसायटीचे, ते राहील साडूंच्या घरी, आणि तेलपाण्याचा खर्च सभासदाने स्वतः करावा. त्यानंतर आयत्या वेळच्या विषयांत, पार्किंगमध्ये उरलेल्या तुतीच्या तुकड्यांचे रखवालदारासाठी स्टूल करून घ्यावे असा ठराव आला आणि तो एकमताने मंजूर झाला. सुतारांना सकाळी नऊची वेळ दिली होती. ते पावणेनऊला हजर होते.